झाकणाला खिळे होते का?

पीएसआयने विचारलं, "झाकणाला खिळे होते का?"

प्रश्न मला होता. मी तोंड उघडायच्या आत पारकर सर म्हणाले, "होते."

आम्ही साइट ऑफिसमध्ये बसलो होतो. साइट ऑफिस म्हणजे पत्र्याचा कंटेनर, आत एसी, भिंतीवर प्रोजेक्टचं चित्र. चित्रात झाडं आहेत, तलाव आहे, सायकल चालवणारी गोरी मुलं आहेत. मुलुंड पश्चिमेला जुनी चार मजली सोसायटी पाडून तिथे सव्वीस मजली टॉवर उभा राहत होता. त्यातले अकरा स्लॅब झाले होते. तीन तासांपूर्वी केरबा नावाचा आमचा एक कारपेंटर अकराव्या मजल्यावरून सहाव्या मजल्यावर पडला होता. हॉस्पिटलात नेईपर्यंत तो गेला.

मी म्हणाले, "नव्हते."

पीएसआयने पेन उचललं. आधी पारकर सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एक काय ते ठरवा," तो म्हणाला. "मला पंचनामा करायचाय."

मी त्या साइटवर सेफ्टी ऑफिसर होते. लोकांना वाटतं, सेफ्टी ऑफिसर म्हणजे हेल्मेट घाला असं ओरडणारी बाई. ते काम आहेच. पण मुख्य काम वेगळं आहे. माणूस कुठून पडू शकतो, हे तो पडायच्या आधी शोधायचं. बिल्डिंग उभी राहत असताना ती आतून चाळणीसारखी असते. लिफ्टची जागा, पाइपांची जागा, इलेक्ट्रिकच्या वायरी खालून वर नेण्यासाठी ठेवलेलं चौकोनी भोक. साइटवर या भोकांना ओपनिंग म्हणतात. प्रत्येक मजल्यावर एकाच जागी, एकाखाली एक. त्यामुळे वरच्या मजल्यावर ओपनिंगमध्ये वाकून पाहिलं की थेट खालपर्यंत दिसतं.

ओपनिंगवर झाकण टाकायचं असतं. झाकण म्हणजे प्लायचा तुकडा. हाच प्लाय शटरिंगलाही लागतो. शटरिंग म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी बांधायचा लाकडी साचा. म्हणजे अकराव्या मजल्यावर जे झाकण आहे, त्याकडे कारपेंटरला झाकण म्हणून बघताच येत नाही. त्याला तो प्लाय दिसतो. आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी साइटवर प्लाय कधीच पुरेसा नसतो.

म्हणून झाकण खिळ्यांनी स्लॅबला ठोकायचं असतं. सहज उचलता येऊ नये, एवढाच हेतू. कारण प्लाय उचलणारा माणूस काय करतो ते पाहा. तो वाकतो, शीट दोन्ही हातांनी उभी करतो, छातीसमोर धरतो आणि चालायला लागतो. समोर शीट असल्याने त्याला पायाखालचं दिसत नाही. ज्या भोकावरचं झाकण त्याने उचललं, त्याच भोकात त्याचं पहिलं पाऊल पडतं. कामात नवखा असो की पंधरा वर्षांचा मुरलेला, फरक पडत नाही. हार्नेस का नव्हता, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. हार्नेस म्हणजे कमरेचा आणि खांद्यांचा पट्टा. तो कडेला काम करताना लावतात. मजल्याच्या मधोमध चालताना कोणी लावत नाही. तुम्ही घरात हॉलमधून किचनमध्ये जाताना लावाल का?

पहिल्या सहा मजल्यांची झाकणं मी खिळे ठोकून घेतली होती. सातव्यापासून पारकर सरांनी थांबवलं. ते आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. वीस वर्षं याच कामात, माणूस बोलायला गोड. त्यांचं म्हणणं असं की खिळ्यांनी प्लाय फाटतो, त्याचे पुढचे वापर कमी होतात, आणि स्लॅबला पडलेली भोकं नंतर बुजवत बसावी लागतात.

"अगं सुजाता, झाकण आहे ना? लाल रंगाने फुली मारलीय ना? मग आणि काय पाहिजे तुला?"

"सर, फुली माणसाला थांबवत नाही."

"तुला वाचायला शिकवलं कोणी? भांडायला शिकवलंय फक्त."

ते हसत म्हणाले होते. मला वाचायला माझ्या पप्पांनी शिकवलं, आणि तेही पत्रकांवर. ते विक्रोळीच्या एका कारखान्यात होते. गेटवर पत्रकं वाटायचे, आणि ती छापून आली की चुका शोधायला माझ्या हातात द्यायचे. एका चुकीला एक लिमलेटची गोळी. पप्पांचं म्हणणं होतं, बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं मालकाला चावतं. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत सगळे नाचायचे तेव्हा मी स्टॉलवर पुस्तिका विकत बसायचे. लिहिलेल्या अक्षरावर माझा असा भाबडा विश्वास आहे.

आणि तरीही मी तो फॉर्म भरला.

दर सोमवारी सेफ्टी ऑफिसरला सगळी बिल्डिंग फिरून एक चेकलिस्ट भरावी लागते. तिच्यात एक ओळ होती: 'सर्व ओपनिंग झाकलेली आहेत का? हो / नाही.' खिळ्यांबद्दल अक्षर नव्हतं. 'नाही'वर टिक केली की कंपनीच्या नियमाने त्या मजल्यांवरचं काम थांबतं. मला तो अधिकार होता. मी तो एकदा वापरला होता, सातव्या मजल्यावर. अर्ध्या दिवसाने हेड ऑफिसमधून फोन आला. मला शांतपणे विचारण्यात आलं, की मी टीम प्लेयर आहे का. त्यानंतर पारकर सर म्हणाले, खिळ्यांचा मुद्दा सेफ्टी मीटिंगमध्ये मांड, मी मिनिट्समध्ये घेतो. मी मांडला. पुरावे देऊन, पोटतिडकीने, पंधरा मिनिटं. मिनिट्स म्हणजे मीटिंगची लेखी नोंद. ती आली, त्यात लिहिलं होतं: 'ओपनिंगबाबत चर्चा झाली.'

मग मी 'हो'वर टिक करत गेले. झाकण होतं. प्रश्न झाकणाचाच होता. खोटं काहीच नव्हतं. प्रत्येक सोमवारी मी स्वतःला सांगायचे, की पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा बोलेन.

त्या गुरुवारी सकाळी बाराव्या स्लॅबचं शटरिंग पूर्ण करायची घाई होती. शुक्रवारी काँक्रीटच्या गाड्या बुक होत्या. प्लाय आठ-दहा शीट कमी पडत होता आणि प्लायचा टेम्पो आला नव्हता. कारपेंटरांचा मुकादम उत्तम, केरबाचा थोरला भाऊ. दोघं हिंगोलीकडचे. उत्तमने वॉकीटॉकीवर विचारलं, की प्लाय नाही, काय करू.

इथे एक रीत सांगायला हवी. साइटवर ज्या गोष्टीला किंमत नाही ती ईमेलवर येते. हेल्मेटचा रंग, चहाची वेळ, ट्रेनिंगचे फोटो. आणि ज्या गोष्टीने कोणी मरू शकतं ती वॉकीवर येते. वॉकीचं रेकॉर्डिंग नसतं. हे कोणी ठरवलेलं नाही, पण नवा इंजिनिअरसुद्धा महिन्याभरात शिकतो.

पारकर सरांचा आवाज आला. मी तेव्हा चौथ्या मजल्यावर होते, सेट माझ्या खांद्यावर. "उत्तम, खालच्या मजल्यांवरून अडजस्ट कर ना. टेम्पो आला की परत टाकू. स्लॅब हलता कामा नये."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. खालच्या मजल्यांवर मोकळा प्लाय कुठे होता? फक्त ओपनिंगवर. मी सेट उचलला आणि म्हणाले, "सर, ओपनिंगचे प्लाय काढायचे नाहीत." उत्तर आलं, "नोटेड." मी वर निघाले. तेव्हा लिफ्ट माल चढवत होती, म्हणून जिन्याने. सातव्या मजल्यावर पोचले तेव्हा ओपनिंग उघडं होतं, आठव्यावर तसंच. नवव्यावरही. मी ओरडत पुढचा जिना चढत होते आणि वरून काहीतरी गेलं. ओपनिंगच्या चौकोनातून, खाली. आवाज नंतर आला.

सात ते दहा, या चारही मजल्यांची झाकणं आधीच वर गेली होती. केरबा पाचवं, अकराव्याचं, उचलत होता. त्याला सहाव्या मजल्याच्या झाकणाने अडवलं. ते मी ठोकून घेतलेलं शेवटचं झाकण.

आम्ही त्याला स्ट्रेचरवर घालून माल चढवायच्या लिफ्टने खाली आणलं. उत्तम त्याचं डोकं धरून बसला होता. रडत नव्हता. एकच वाक्य म्हणत होता, "केरबा, इकडं बघ." अँब्युलन्स गेली. मी मागे राहिले, कारण अपघाताची जागा जशीच्या तशी राखणं हे माझं काम. पोलीस येईपर्यंत कोणी काही हलवायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि सहाव्या मजल्यावर त्या झाकणाजवळ उभी राहिले.

थोड्या वेळाने वरून हातोडीचा आवाज यायला लागला.

मी धावत सातव्यावर गेले. झाकण जागेवर होतं, चारही कोपऱ्यांना खिळे. आठव्यावर तेच. अकराव्यावर पारकर सर उभे होते आणि उत्तमच्याच टोळीतले दोघे गुडघ्यावर बसून खिळे ठोकत होते. घाव वाकडे पडत होते. जे काम मी चार महिने मागत होते, ते पाऊण तासात झालं होतं.

मी म्हणाले, "सर, हे काय करताय? पंचनामा व्हायचाय."

"दुसरा अपघात नको व्हायला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. "आणि तूच तर मागत होतीस ना खिळे?"

म्हणून पीएसआयने विचारलं तेव्हा ते म्हणाले, होते. त्यांची गोष्ट तयार होती, आणि ती चांगली बसत होती. झाकणं पहिल्यापासून ठोकलेली होती. मुकादमाने प्लाय कमी पडला म्हणून परवानगीशिवाय उचकटायला सांगितलं. भाऊ पडला. कंपनीने लगेच सगळी झाकणं परत ठोकून घेतली. पुरावा? सहाव्या मजल्याचं झाकण. केरबा ज्यावर पडला त्याला खिळे होते, जुने, गंजलेले. त्याचा फोटो पंचनाम्यात पहिल्या पानावर लागला. मी ठोकून घेतलेल्या शेवटच्या झाकणाने कंपनीला वाचवलं. केरबाने उचललेला प्लायही पोलिसांनी पाहिला. त्याला खिळ्यांची भोकं होती. शटरिंगच्या प्रत्येक प्लायला असतात, मागच्या दहा स्लॅबची.

पीएसआय मला कंटेनरबाहेर घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता. त्याच्या हातात माझी सोमवारची चेकलिस्ट होती.

"मॅडम, सही तुमची ना?"

"हो."

"इथे 'हो' म्हणालाय तुम्ही."

"तो प्रश्न झाकणाचा आहे. खिळ्यांचा नाही."

"मग खिळे नव्हते हे कुठे लिहिलंय?"

मी त्याला मीटिंगबद्दल सांगितलं. त्याने मिनिट्स मागवले, वाचले. "चर्चा झाली," तो म्हणाला. "चर्चा तर आमच्याकडेपण रोज होते." मी सोमवारचे फोटो दाखवले. ते उभ्याने काढलेले होते, लाल फुली छान दिसत होती. खिळे आहेत की नाहीत, कळत नव्हतं.

"तुम्ही म्हणाल ते मी लिहितो," तो म्हणाला. "पण तुमचा जबाब एक सांगेल आणि तुमचीच सही दुसरं. वकील उभा राहिला की तुमची पहिली वाट लावेल. निष्काळजीपणाने मृत्यू, हा गुन्हा आहे. त्यात तुमचं नाव येऊ शकतं, कळतंय ना?"

मी म्हणाले, "लिहा." त्याने लिहिलं. पोलिसी मराठीत माझं पंधरा मिनिटांचं बोलणं चार ओळींचं झालं. वॉकीवरच्या आदेशाचं त्याने 'तोंडी सूचना दिल्याचे समजते' असं केलं. मी म्हणाले, समजते नाही, मी कानांनी ऐकलंय. तो म्हणाला, अजून कोणी ऐकलं असेल तर आणा.

त्या चॅनलवर सात सेट होते. क्रेन ऑपरेटर म्हणाला, इतक्या उंचीवर वाऱ्यात काय ऐकू येणार, मॅडम. दोन ज्युनिअर इंजिनिअरांनी माझ्या डोळ्यांत पाहिलंच नाही. स्टोअरकीपर दळवीकाका सावंतवाडीकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. मला रोज घरची भाकरी देणारे. त्यांनी मला स्टोअरमध्ये आत घेतलं, दार लोटलं, आणि म्हणाले, "माझो सेट चार्जिंगक होतो, बाय." मग हळू आवाजात, "नोकरीची दोन वर्षां रवली हत माझी. समजान घे." मी समजून घेतलं नाही. मी त्यांना नको ते बोलले. आज वाटतं, निम्मं तरी कमी बोलायला हवं होतं.

संध्याकाळी हेड ऑफिसमधून लीगलचा माणूस आला. माझ्याच वयाचा. त्याने मला व्हाइटबोर्डवर समजावून सांगितलं. कायदा सांगतो, साइटवरच्या कामगाराची जबाबदारी मुख्य मालकावर आहे. बरोबर. पण बिल्डरच्या करारात लिहिलंय, सेफ्टीची जबाबदारी मुख्य ठेकेदाराची, म्हणजे आमच्या कंपनीची. मुख्य ठेकेदाराच्या करारात लिहिलंय, ती लेबर ठेकेदाराची. लेबर ठेकेदाराचा मुकादमाशी एक पानी करार आहे. त्यातही तेच वाक्य. खाली उत्तमची सही.

"म्हणजे सव्वीस मजल्यांची जबाबदारी उत्तमची?" मी विचारलं.

"करारानुसार, हो." तो हसला नाही. "भरपाईचं टेन्शन नको घेऊ. मृत्यू झाला की कामगाराची चूक होती म्हणून भरपाई नाकारता येत नाही, कायदा आहे. ती मिळेल त्याच्या बायकोला. प्रश्न फक्त गुन्ह्यात कोणाचं नाव येतं एवढाच आहे."

एवढाच. ज्याने आदेश दिला तो, की ज्याचा भाऊ मेला तो. मी त्या बोर्डाकडे पाहत राहिले. वर बिल्डर, खाली उत्तम, मध्ये बाण. सगळे बाण खाली जाणारे. माझ्या आयुष्यात मी जेवढी पत्रकं वाचली त्यातलं कुठलंही इतकं स्पष्ट नव्हतं.

पोस्टमॉर्टेम दुसऱ्या दिवशी सकाळी होणार होतं. मी त्या संध्याकाळीच पालिकेच्या हॉस्पिटलात गेले. उत्तम शवागाराबाहेर पायरीवर बसला होता. शर्टावर डाग तसेच. मी शेजारी बसले.

तो म्हणाला, "म्याच म्हणलो होतो त्याला. जा, चार-पाच शीटा आण म्हणून."

"दादा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सायबानं सांगितलं अडजस्ट कर. पर केरबाला तर म्याच सांगितलं ना."

मी त्याला समजावलं, की तुमची चूक नाही. ते तुमच्याकडून एक जबाब लिहून घ्यायला येतील. त्यात असेल, की झाकणं ठोकलेली होती आणि तुम्ही स्वतःच्या मनाने काढायला लावली. त्यावर सही करू नका. सही केलीत तर गुन्हा तुमच्यावर येईल. मी आहे, आम्ही भांडू. मी बरंच बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आले होते ते," तो म्हणाला. "कागद हाय खिशात. सकाळच्याला सही पायजे म्हणले."

"करू नका."

"मॅडम, मयत गावाला न्यायचीय. माय वाट बघायलीय. त्याची बायको पोटुशी हाय. बर्फाची गाडी कंपनीची हाय. कागद झाल्याबिगर गाडी निघत नाही म्हणले." तो माझ्याकडे वळला. "तुमचं खरं हाय. पर खऱ्याला गाडी हाय का?"

मी म्हणाले, आहे. मी आणते. उद्या सकाळपर्यंत थांबा.

तो मान हलवून हो म्हणाला. मी उठले तेव्हा त्याने विचारलं, अगदी साधेपणाने, जसं कोणी रस्ता विचारतं तसं: "मॅडम, त्या वकिलानं तुमचा फारम दाखवला मला. तुम्ही 'हो' कशापायी लिहिलं होतं?"

मी त्याला फॉर्मची रचना सांगायला लागले. प्रश्न झाकणाचा होता, खिळ्यांचा नव्हता. दोन वाक्यांनंतर माझं मलाच ऐकू आलं, की मी लीगलच्या माणसासारखी बोलतेय. मी थांबले.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. त्यांनी लगेच फोन काढला. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण युनियनची जुनी डायरी अजून उशाशी असते. अर्धी नावं गेलेली, उरलेल्यांच्या किडन्या, गुडघे. तरी सकाळी कन्नमवार नगरमधल्या एका मंडळाची शववाहिका मिळाली. ड्रायव्हर हिंगोलीपर्यंत जायला तयार झाला. बर्फाची पेटी भांडुपहून घ्यावी लागली, त्यात उशीर झाला. आम्ही हॉस्पिटलला पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

कंपनीची गाडी दहाला निघाली होती.

वॉर्डबॉय म्हणाला, भावाने दोनदा गेटपर्यंत येऊन पाहिलं, मग आत जाऊन सही केली. पप्पांनी आमच्या ड्रायव्हरची माफी मागितली. पेटीतला बर्फ गटाराशी रिकामा केला. घरी येताना ते म्हणाले, "पत्रक उशिरा छापलं की रद्दी होतं."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच घडलं. एफआयआरमध्ये दोन नावं आली. आरोपी क्रमांक एक, उत्तम. आरोपी क्रमांक दोन, मी. पारकर सर साक्षीदार आहेत. बिल्डरचं नाव फक्त पत्त्यात आहे. मी कामगार खात्याला आठ पानी तक्रार दिली. पोच मिळाली. इन्स्पेक्टर साइटवर येऊन गेले, त्यांना सर्व ओपनिंग खिळ्यांनी पक्की झाकलेली आढळली. मला कंपनीने काढलं. कारण लिहिलं होतं, कामात हलगर्जी. बारावा स्लॅब ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा पडला.

नंतर बोरिवलीतल्या एका दुसऱ्या साइटवर नोकरी मिळाली. माझ्यावर केस आहे, हे मी इंटरव्ह्यूमध्ये आधीच सांगितलं. समोरचे गृहस्थ म्हणाले, हरकत नाही, केस असलेले लोक सांभाळून राहतात. मला ते काय म्हणतायत ते कळलं. मी नोकरी घेतली. वकील फुकट येत नाही.

मुलुंडला माझ्या जागी आलेल्या मुलीने काही महिन्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर नवी चेकलिस्ट पाठवली. खाली लिहिलं होतं, 'ताई, तुझ्यामुळे झालं हे.' फॉर्ममध्ये एक ओळ वाढली होती: 'ओपनिंगची झाकणं खिळ्यांनी पक्की केली आहेत का? हो / नाही.' मला क्षणभर बरं वाटलं. मग मी फोटो मोठा करून पाहिला. 'हो'वरची टिक छापील होती.

मुलुंडच्या कोर्टात आम्हाला तारीख पडते तेव्हा उत्तम हिंगोलीहून येत नाही आता. तो परत इकडेच आलाय, घाटकोपरला एका टॉवरवर. केरबाची बायको आणि बाळ गावी आहेत. त्याला शटरिंगशिवाय दुसरं काम येत नाही. आम्ही दोघे आरोपी एकाच बाकावर बसतो. मागच्या तारखेला आमचा नंबर आलाच नाही. मी त्याला विचारलं, तिथल्या झाकणांना खिळे आहेत का.

"न्हाईत," तो म्हणाला.

"मग?"

"म्या पोरांना एक शिकवलंय. प्लाय उचलायचा न्हाई. वाकायचं, धरायचं आन् मागं मागं वडत न्यायचा. भोक हाय का न्हाई ते मग आपोआप म्होरं दिसतं." त्याने दोन्ही हातांनी हवेतली शीट धरून दाखवली, बसल्या बसल्या मागे सरकत. बाकावरची एक बाई आमच्याकडे बघायला लागली. "केरबाला सांगाय पायजे होतं. पर तवा मलाच म्हाईत नव्हतं."

"ऐकतात पोरं?"

"ऐकत्यात की. रोज."

मी सहा वर्षं या क्षेत्रात आहे. कायदे, कलमं, करार, फॉर्म, पोस्टर, तीन भाषांतल्या पाट्या, यांतलं बरंच काही मी स्वतः लिहिलंय. माझ्या माहितीत रोज, कोणी न बघता पाळला जाणारा हा एकच सुरक्षेचा नियम आहे. तो कुठेही लिहिलेला नाही. त्यावर कोणाची सही घेतलेली नाही. त्यासाठी एक माणूस जावा लागला.